चाकावरचे बिऱ्हाड

दिवाळी उलटली, की लातूरहून बार्शी रस्त्याने मुरुडकडे एकदा दिवस कलताना निघून बघा. शहर मागे पडले की दोन्ही अंगांना काळे रान लागते. सोयाबीन निघालेले, हरभरा नुकता वर आलेला, तूर फुलावर आणि मध्येच उसाचे हिरवे पट्टे. अशा वेळी समोरून एक ट्रॅक्टर येतो. मागे दोन ट्रॉल्या. त्यांत ऊस नसतो, माणसे असतात. बांबू, चटया, ताडपत्री, पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, घागरी, एखादी शेळी, कोंबड्यांचे खुराडे आणि या साऱ्याच्या वर गोधडीत गुंडाळलेले पोर. आपण गाडी बाजूला घेतो, ‘टोळी आली’ एवढे म्हणतो आणि पुढे जातो. मीही नोकरीची इतकी वर्षे तेच करत आलो.

2024-25 च्या हंगामात मात्र थांबणे झाले. मुरुडच्या उत्तरेला, मांजरेच्या बाजूला एका शेतकऱ्याचा को 86032 चा प्लॉट तोडीला आला होता. तोड जमिनीलगत व्हावी, पाचट जाळू नये आणि त्याचा खोडवा चांगला राखावा, हे सांगायला मी गेलो होतो. बांधाला ट्रॉली उभी होती. तिच्यावर ताडपत्री ताणलेली, फाळक्याला दोरी बांधून धुणे वाळत घातलेले, आणि खाली तीन दगडांवर चहा उकळत होता. पाहतो तो विशी-बाविशीचे एक जोडपे. मे महिन्यात लग्न झालेले, पाटोदा तालुक्यातल्या एका वाडीवरचे, आणि तोडीला पहिल्यांदाच आलेले.

“ट्रॉलीतच राहता काय रे?” मी विचारले.

“चार दिस झाले, सायेब,” तो म्हणाला. “कोप्यांची जागा ठरली व्हती, पर शेजारच्या हरभऱ्याचं पाणी फुटलं अन् समदी जमीन चिखल झाली. बाकीची मंडळी पलीकडच्या वावरात गेली. आम्हाला जागा उरली न्हाई.”

तिने कप विसळून चहा पुढे केला. ट्रॉलीत डोकावलो. एका कोपऱ्यात पेटी, तिच्यावर अंथरुणाची वळकटी. दुसऱ्या कोपऱ्यात ज्वारीचे पोते, तेलाची बरणी, मिरचीचा डबा. मध्ये दोघांना पाय पसरता येतील एवढी जागा. फाळक्याच्या कडीला एक छोटा आरसा आणि कंगवा अडकवलेला होता. दिवसा ट्रॉलीची गरज लागली की हे सगळे उतरवायचे आणि रात्री पुन्हा चढवायचे. तिसऱ्या दिवशी म्हणे उतरवताना तेलाची बरणी फुटली. ते सांगताना ती त्याच्याकडे बघून हसली, तेव्हा बरणी कोणाच्या हातून फुटली हे मला विचारावे लागले नाही.

मंडळी, हल्ली शहराकडे गाडीतच घर करून फिरण्याची हौस वाढली आहे. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सारे गाडीत. आपल्या राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. नवराबायको निघतात, तळ्याकाठी मुक्काम करतात, छोट्या होडीतून पाण्यावर फिरतात. मला त्याचे वाईट वाटत नाही, माणसाने मुलूख पाहावा. पण आपल्या मराठवाड्यातून, बालाघाटाच्या डोंगरातून, दरसाल लाखोंनी माणसे चाकावर संसार टाकून निघतात आणि सहा-सहा महिने उघड्या रानात काढतात, त्याला कोणी प्रवास म्हणत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, तोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’. एकट्या गड्याचा अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. म्हणून डोंगरभागात दिवाळीच्या आत लग्ने उरकण्याची घाई होते आणि पुष्कळदा मुलीचे वय कोणी पाहत नाही. हिचे वय मी विचारले. “एकोणीस पूर्ण,” ती म्हणाली. बारावी झालेली. नर्सिंगला जायचे मनात होते, पण लग्नाचे देणे झाले, सासऱ्यांनी एक लाख उचल घेतली आणि हे दोघे आले. धाकटा दीर वसतिगृहात राहून शिकतो. त्याला आणायचे नाही, असे तिने सासूशी आधीच ठरवून टाकले होते.

पेटीतून तिने एक वही काढून दाखवली. दोनशे पानी, शाळेचीच उरलेली. तारीख, टोळीची खेप, काट्यावरचे वजन, आपल्या वाट्याला किती. “मुकादमाची वही त्याच्याकडं, माझी माझ्याकडं,” ती म्हणाली. जानेवारी 2024 मध्ये तोडणी मजुरीत 34 टक्के वाढ ठरली, हे तिला माहीत होते. हिशेबासाठी तिने टनाला साडेतीनशे रुपये धरले होते. लाखाची उचल फिटायला दोनशे शहाऐंशी टन. रोज दोन टन पडले तर एकशे त्रेचाळीस दिवस. पहिल्या चार दिवसांची सरासरी मात्र सव्वा टन येत होती.

सव्वा टन का, ते प्रत्यक्ष पाहिल्यावर कळते. ऊस नुसता तोडायचा नसतो. वाकून बुडख्यालगत घाव घालायचा, पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची. नवख्या माणसाचा घाव वीत-दीड वीत वर बसतो. तेवढ्याने शेतकऱ्याचे आणि कारखान्याचे दोघांचेही नुकसान, कारण साखर जास्त असते ती बुडख्याकडच्या कांड्यांत; आणि वर राहिलेल्या खोडकीला वरच्या डोळ्यांतून फुटवे आले तर खोडवाही कमजोर होतो. त्याला मी कोयता कसा तिरपा धरायचा ते दाखवायला गेलो आणि पाच मिनिटांत कमरेला हात लावून उभा राहिलो. तो तोंड फिरवून हसला. जुन्या जोडीतल्या एका बाईने मग त्याला नीट शिकवले. पाय कुठे ठेवायचा ते आधी, कोयता नंतर.

संध्याकाळी भरणी. ट्रॉलीला फळी लावलेली, तिच्यावरून डोक्यावर मोळी घेऊन चढायचे. तीस-चाळीस किलोचा बोजा आणि पायाखाली हलणारी फळी. तीही चढत होती. अंधार पडल्यावर गाडी कारखान्याकडे जाते, आणि इकडे स्वयंपाक सुरू. ऊस तोडल्यापासून जेवढ्या लवकर गव्हाणीत पडेल तेवढे वजन आणि साखर टिकते, हे आम्ही शेतकरी मेळाव्यात नेहमी सांगतो. पण त्या घाईचा भार रात्री कोणाच्या डोक्यावर चढतो, हे माझ्या भाषणात कधी आले नव्हते.

इथे एक गोष्ट कबूल करतो. फार वर्षांपूर्वी आमच्या घरच्या शेतात टोळी उतरली होती. त्यांनी विहिरीवरच्या खोलीतून एक दिवा मागितला. मोटारीच्या लाईनवर भार नको म्हणून मी नाही म्हणालो. दोन दिवसांनी एका बाईला अंधारात सरपण काढताना विंचू चावला. ती वाचली. पण त्या रात्री तिला घेऊन जाताना बॅटरीच्या उजेडात दिसलेले तिच्या नवऱ्याचे तोंड मला अजून आठवते. एक शब्द त्याने मला बोलून दाखवला नाही.

शेतकऱ्याचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. तोड यावी म्हणून चकरा मारायच्या, आली की खुशालीचे पैसे द्यायचे, चालकाला वेगळे, आणि एवढे करून बांधावरची भाजी जागेवर राहील याची खात्री नाही. तुमच्यापैकी अनेकांनी हे माझ्यापाशी बोलून दाखवले आहे. खुशाली घेणे गैरच. पण घागरभर पाणी आणि खुशाली या दोन गोष्टी एका हिशेबात घालू नका. कोपीला उंचवट्याची कोरडी जागा द्या. चूल कोपीपासून आणि पाचटाच्या ढिगापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडायला सांगा; वाळलेल्या पाचटाला ठिणगी पुरते. आणि बायकांना आंघोळीला जुन्या ताडपत्रीचा आडोसा करून द्या. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशीसाठी समिती नेमली गेली. आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही, दुखणे अंगावर काढायचे, कारण एक दिवस बसले तर खाडा आणि खाड्याचा दंड. त्या दुखण्यांची सुरुवात अशी आपल्या बांधावरच होते.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा त्यांची कोपी उभी राहिली होती. बांबू वाकवून वर चटई, चटईवर ताडपत्री, दारात शेणाने सारवलेला हातभर ओटा. शेतकऱ्याच्या घरून एक दिवा ओढून दिलेला. सरासरी पावणेदोन टनांवर आली होती. वाढे विकून बाजार भागत होता, त्यामुळे खर्चीला मुकादमापुढे हात पसरावा लागला नव्हता. पण त्या दिवशी तोड बंद होती. ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात नंबराला अडकला होता. ती म्हणाली, “सायेब, इथं जवळच लई मोठं पाणी हाय म्हनं. बघून येऊ का?”

मीच त्यांना घेऊन गेलो. मांजरेवर धनेगावचे धरण आहे, आणि त्याच्या खाली नदीवर जागोजाग बॅरेज बांधलेली आहेत. त्यातल्या एका बॅरेजमागे पाणी दूरवर पसरले होते. बगळे, पाणकोंबड्या, पलीकडच्या काठावर ऊस. काठाला एक भोई जाळे आवरत होता. त्याचा तराफा म्हणजे थर्माकोलचे ठोकळे प्लॅस्टिकच्या गोणीत शिवून वर फळी बांधलेली. वल्हे म्हणून हातभर फळकुट. असाच एखादा गडी उसाच्या रसाच्या काहिलीत बसून नदी ओलांडतो, हे तुम्ही पाहिले असेल.

“ही कोन्ची नदी?” तिने विचारले.

“मांजरा,” मी म्हणालो. “तुमच्या पाटोद्याच्या डोंगरातूनच निघते.”

तिचा विश्वास बसेना. “आमच्याकडं तर ही उडी मारून ओलांडत्यात. उन्हाळ्यात तर वाळू.”

मी सांगितले, की हीच नदी तुमच्या गावाकडचा पाऊस गोळा करत खाली येते, धनेगावला अडते, लातूरला प्यायला देते, या उसाला भिजवते आणि पुढे तेलंगणात गोदावरीला मिळते. आणि हेच धरण आटले तेव्हा, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तो इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हंजी पाणी बी आमच्यासारखंच खाली येतंय.”

भोयाने त्याला तराफ्यावर बसवले. काठापासून दोन बांबू अंतरापर्यंत जाऊन आला आणि वल्हे दोन्ही बाजूंना मारता मारता तीनदा गोल फिरला. मग तिने पदर खोचला. मी नको म्हणत होतो. पोहता येत नाही, अंगात तरंगायचे जाकीट नाही, अशा वेळी पाण्यात जाऊ नये, आणि तुम्हीही पोराबाळांना जाऊ देऊ नका. पण भोई स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून तराफ्याची दोरी धरून चालू लागला, तेव्हा माझे बोलणे संपले. ती फळीवर मांडी घालून बसली आणि फळकुट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अगदी सरळ मारत गेली. तराफा फिरला नाही. काठावरून तो ओरडला, “अगं, मला कसं जमंना मग?”

“तुम्ही एकाच अंगाला जोर लावताव!” तिने पाण्यातूनच सांगितले.

परतताना तिने काठची मूठभर ओली वाळू पदराच्या शेवात बांधली. कशाला, ते मी विचारले नाही.

त्या साली हंगाम लवकर आटोपला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी त्या रानात गेलो तर टोळी निघून गेली होती. ओट्याची जागा, तीन काळे दगड आणि पाचटाखालून वर येणारे खोडव्याचे हिरवे कोंब तेवढे दिसले. तोड चांगली जमिनीलगत होती. शेतकऱ्याच्या मालकिणीकडे तिचा नंबर होता, त्यावर फोन लावला.

“एकशे नव्वद टन झाले, सायेब,” ती म्हणाली. “साडेतेहतीस हजार अंगावर राहिलेत. मुकादमाच्या वहीत एकोणचाळीस हजार निघत व्हते. माझी वही फुडं ठेवली, मग त्यानं खोडलं.”

“आणि पुढच्या साली?”

“त्यो आत्ताच उचल घ्या म्हनतोय. ह्ये म्हनत्यात, मी एकटा अर्ध्या कोयत्यावर जातो. सासूबाईंचं अजून व्हय-न्हाई ठरंना.” मागे शेळी ओरडत होती, आणि कोणीतरी तिला हाक मारली. “नर्सिंगचा फारम कवा निघतोय, सायेब? तुमच्याकडं लातूरला कळलं तर सांगताव का?”

मी तारीख काढून कळवतो म्हणालो.