हाई मशीन कथा भेटी?

मुलांना काय वाचायला द्यावं, असं चाळीसगावात कुणी पालकांनी विचारलं, की हल्ली मी डॅन गटमन या अमेरिकी लेखकाची 2006 सालची कादंबरी सुचवते, ‘द होमवर्क मशीन’. गृहपाठात लबाडी करणाऱ्या चार मुलांची गोष्ट आहे म्हटल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो. नसते उद्योग शिकतील, असं एका आईने मला तोंडावर सांगितलं. तरी मी हेच पुस्तक सांगत राहते, कारण ते मुलांसोबत वाचताना काय घडतं ते मी पाहिलं आहे.

ग्रँड कॅन्यनजवळच्या शाळेत पाचवीचा वर्ग. ब्रेंटन, ज्युडी, केल्सी आणि स्निक या चौघांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून ते एका गटात बसतात. एरवी त्यांचं जमलंच नसतं. ब्रेंटन अतिहुशार आणि एकटा, ज्युडी पहिल्या नंबरासाठी धडपडणारी, केल्सी आणि स्निक अभ्यासात मागे. ब्रेंटनने घरच्या कॉम्प्युटरवर एक यंत्रणा बनवलेली असते. ती गृहपाठ करते आणि ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात छापूनही देते. रोज शाळा सुटली की चौघं त्याच्या घरी जमतात.

आमच्याकडे भडगाव रोडला रविवारी गल्लीतली मुलं वाचायला येतात. पुस्तक इंग्रजी, म्हणून मी मराठीत सांगत गेले. ही सगळी गोष्ट पोलिसांपुढे दिलेल्या जबान्यांतून उलगडते. एकच प्रसंग प्रत्येक जण आपापल्या बाजूने सांगतो. त्यामुळे मी पात्रं वाटून दिली. यंत्राचं वर्णन आलं आणि मागे बसलेला एक मुलगा ताडकन म्हणाला, “ताई, हाई मशीन कथा भेटी?” म्हणजे, हे मशीन कुठे मिळेल? सगळे हसले. मग दुसरा हळूच म्हणाला, “मोबाइलमा शे ना!”

खरंच आहे ते. 2006 मध्ये जे कल्पनेतलं होतं ते आज आईच्या फोनमध्ये आहे. गाइडमधून उतरवायचं, मधल्या सुट्टीत मैत्रिणीची वही मागायची, हे आधीपासून होतंच. पण वही मागायला निदान मैत्रीण लागायची. कादंबरीत मला सर्वांत खरी वाटलेली गोष्ट हीच आहे. या मुलांना एकत्र आणते ती लबाडी, आणि तरीही त्यांच्यात जुळतं ते खोटं नसतं. लेखक यातलं काहीच झाकत नाही आणि मुलांना उपदेशही करत नाही.

स्निकचे वडील सैन्यात आहेत, इराकला जातात. स्निकची जबानी आमच्यातल्या एका मुलीने मागून घेतली. तिचेही वडील फौजेत आहेत. तिने ती इतकी सावकाश वाचली, की मध्ये कुणी बोललं नाही.

एका रविवारी वाद पेटला. उत्तर बरोबर असेल तर ते कुठून आणलं याने काय बिघडतं? मला पाटणादेवी आठवली. तालुक्यातलीच जागा, सगळ्यांची सहल तिथे गेलेली. तिथल्या पाटणच्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं भुंग्यांचं गणित मी फळ्यावर मांडलं. थव्याचा पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, त्या दोघांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या फुलावर, आणि एकच भुंगा हवेत घुटमळतोय. भुंगे किती?

एकाने फोनला विचारून लगेच ‘पंधरा’ सांगितलं. कसे, विचारल्यावर गप्प. सहावीतली एक मुलगी म्हणाली, “पाच आणि तीन दोघांनी भागला जाणाराच आकडा पाहिजे ना? मग पंधरापासून बघू.” तीन, पाच, फरक दोन, त्याची तिप्पट सहा. झाले चौदा, उरला एक. ती टाळी वाजवत उठलीच! मग फोनवाल्याने तिला पुन्हा सांगायला लावलं आणि नंतर तीस भुंगे धरून स्वतः करून पाहिलं. दोन उरतात, म्हणजे तीस चालत नाहीत, हे त्याने आपणहून शोधलं. ते यंत्र वापरण्यात ज्युडी चुकली की नाही यावर मात्र त्या दोघांचं शेवटपर्यंत पटलं नाही, आणि मीही निकाल दिला नाही.

इंग्रजी माध्यमातल्या सहावीच्या मुलाला हे पुस्तक स्वतः वाचता येईल. मराठी माध्यमातल्यांसाठी मोठ्यांनी आधी वाचून घ्यावं आणि मुलांना जबान्या वाटून द्याव्यात. स्निकच्या वडिलांबद्दल इराकमधून बातमी येते तो भाग मात्र मुलाला एकट्याने वाचू देऊ नका. शेजारी बसा.