बैठकीखालची टाकी

अण्णांच्या विजारीला पेट्रोलचा वास येतो, ही गोष्ट प्रथम सूनबाईंच्या ध्यानात आली. कपडे भिजत घालताना एकदा वास आला तेव्हा त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्या सोप्यात येऊन म्हणाल्या, "मामंजी, पंपावर पेट्रोल अंगावर सांडतंय का?" अण्णांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता उत्तर दिले, "जुनी गाडी आहे. एवढा वास यायचाच."

शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या त्या घरात या वाक्यावर पुढे कोणी बोलत नसे. परड्यात पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली जीप अण्णांच्या वडिलांनी १९६८ साली घेतलेली. उसाच्या रानातला गुडघाभर चिखल तिने तुडवला, अण्णांची वरात तिनेच आणली, आणि ओढ्याला पाणी आलेल्या एका रात्री थोरल्या लेकीला बाळंतपणासाठी मिरजेला पोहोचवले तेही तिनेच. अशा वाहनाला घरात माणसाचा मान मिळतो, आणि माणसाप्रमाणेच त्याच्या व्याधींकडे काणाडोळाही होतो.

या जीपची घडण मूळची लष्करी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी बनलेल्या विलीज जीपची जुळणी मुंबईत १९४७ पासून होऊ लागली, आणि पुढे 'सीजे-३बी' हे उंच बॉनेटचे रूप, जे अमेरिकेत १९५३ मध्ये निघाले, ते आपल्याकडे खेडोपाडी पोहोचले. गाडी आखूड, तिच्यात जागा मोजकी. म्हणून इंधनाची टाकी चालकाच्या बैठकीखाली, तळपत्र्यातल्या एका खळग्यात बसवलेली. पट्ट्यांनी आवळलेली ही टाकी एकदा बसली की वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही. चालक तिच्यावर बसूनच गाडी हाकतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही जीप आठ दिवस पाण्यात होती. पूर ओसरल्यावर अण्णांनी आधी घर धुतले नाही, जीप धुतली. इंजिनातले तेल बदलले, ब्रेकची ड्रमे उघडून साफ केली, वायरिंग नवे ओढले. टाकीतले गढूळ पेट्रोल काढून ती दोनदा विसळली, आणि स्वच्छ पेट्रोल बाहेर आल्यावर काम झाले असे सर्वांनी मानले. बैठक उचलून टाकीच्या खाली काय साचले आहे, हे मात्र कोणी पाहिले नाही. पाहण्यासाठी टाकी उतरवावी लागते. टाकी उतरवायला दिवस मोडतो. आणि गाडी तर पहिल्याच झटक्यात सुरू झाली होती. २०२१ साली पुन्हा पाणी चढू लागले तेव्हा अण्णांनी जीप वेळेत उंचावरच्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवली. त्यामुळे आपण यंदा गाडी वाचवली, असा त्यांचा समज झाला.

गंज पुराची वाट पाहत नाही, हेही खरे. वापर कमी झालेल्या गाडीची टाकी बहुधा अर्धीच भरलेली असते. उरलेल्या पोकळीत पावसाळ्याची दमट हवा शिरते, रात्री पत्रा गार झाला की तिचे थेंब धरतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसते. जुन्या टाक्यांच्या पत्र्याला शिसे-कथिलाचा पातळ मुलामा देत असत. तो जिथे झिजला तिथे आतून गंज सुरू होतो. त्यात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी उतरतात. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही, त्या फुगतात, मऊ पडतात. ज्या पट्ट्यातला ऊस साखर कारखान्यांच्या आसवनीत जाऊन इथेनॉल होतो, त्याच पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याच्या टाकीचा तळ त्याने कुरतडावा, यात अण्णांना पुढे गंमत वाटली. तेव्हा मात्र ते ठाऊक नव्हते.

इंधनपंपाच्या काचेच्या वाटीत तपकिरी गाळ दिसू लागला होता. चढावर गाडी गचके देई, सपाटीला पुन्हा सुरळीत चाले. अण्णा वाटी धुऊन पुन्हा बसवत. आजार टाकीत होता आणि औषध वाटीला चालले होते.

मे महिन्यात पुण्याहून नातू आला. मित्रांना घेऊन जीपमधून आंबा घाटाकडे जायचे त्याच्या मनात होते. निघण्याच्या आदल्या दिवशी छपराखाली हाताच्या पंजाएवढा ओला डाग दिसला. गाडीखाली झोपून त्याने खळग्याच्या कडेला पाझर शोधला आणि कपडे धुण्याचा साबण मळून त्यावर दाबला. ही युक्ती खोटी नाही. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, आणि रानात अडकलेली गाडी गावापर्यंत आणण्याइतका तो टिकतो. चूक होते ती गाव आल्यावर. पाझर थांबलेला पाहून माणूस साबण विसरतो.

नातू विसरला नाही. त्याने त्याहून धोक्याचा विचार केला. रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्यांची कामे करणाऱ्या वेल्डरकडे तो गेला. "टाकी रिकामी करून आणा, पाण्यानं विसळा, पाच मिनिटांत टाका मारतो," असे त्याने सांगितले. दर ऐकून नातू खूश झाला. अण्णांनाही ते पटले. फक्त टाकी उतरवायला सवयीचा हात हवा, म्हणून जयसिंगपूरहून जुन्या मेस्त्रींना बोलावणे गेले.

मेस्त्री आले, बोनेटला हात लावून क्षणभर उभे राहिले, आणि काम कशासाठी ते ऐकताच पान्हा पुन्हा पिशवीत टाकून खाली बसले.

"अण्णा, वेल्डिंगला द्यायची असेल तर मी उतरवत न्हाई."

"का हो? रिकामी करूनच देतोय की."

"भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट."

मेस्त्री सतरा वर्षांचे असताना कोल्हापुरात एका उस्तादाच्या हाताखाली होते. उस्तादांनी अशीच एक टाकी तीन वेळा धुतली, टोपण काढून दोन दिवस उन्हात टाकली, आत नाक घालून हुंगली, आणि मग ज्योत लावली. टाकीचे एक तोंड निघून छपरातून पार गेले. मेस्त्री पाणी आणायला बाहेर गेले होते, म्हणून राहिले. उस्ताद दवाखान्यातून घरी परतले नाहीत. एवढे सांगून मेस्त्रींनी चहाचा कप पालथा घातला. अण्णांशी तीस वर्षांची ओळख, पण ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच काढली.

तीन वेळा धुतलेल्या टाकीत काय उरले होते, याचे उत्तर गंजात आहे. गंजलेला पत्रा फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्या पापुद्र्यांत, कडेच्या दुमडीत पेट्रोल मुरून राहते. पाण्याने ते निघत नाही. ज्योतीची धग लागली की त्याची वाफ होते. पेट्रोल उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. हवेच्या शंभर भागांत ती दीड भाग असली तरी ठिणगी पुरते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती उडून जात नाही, खळग्यात तळाशी बसून राहते. म्हणजे गेले कित्येक महिने ती अण्णांच्या बैठकीखाली, बॅटरीच्या तारा आणि तापलेला एक्झॉस्ट असलेल्या त्याच गाडीत, बसून होती.

नातवाने आंबा घाटाचा बेत मित्रांना फोन करून रद्द केला. आवाजात चिडचीड होती, ती कोणी मनावर घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, जीप ढकलत उघड्या परड्यात आणली. मेस्त्रींनी प्रथम बॅटरीची तार सोडली. पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढायची नाही, हातपंपाने काढायचे. कोणी मोबाईल किंवा काडीपेटी जवळ आणायची नाही. चूल दूर होती तरी सूनबाईंनी ती विझवली. गंजून बसलेल्या नटांवर रात्रभर तेल मुरवले होते. ग्राइंडर आणू का, असे नातवाने विचारताच मेस्त्रींनी नुसते त्याच्याकडे पाहिले. पान्ह्याने, हाताने, दोन तासांत चार नट निघाले.

टाकी वर आली तेव्हा खळग्यात २०१९ होते. पुराचा काळा गाळ वाळून विटेसारखा बसला होता, त्यात उसाच्या पाचटाचे तुकडे जसेच्या तसे. पाणी निघून जाण्यासाठी तळाला ठेवलेले छिद्र त्याने पार बुजवलेले. दर पावसाळ्यात हा गाळ पाणी पीत होता आणि टाकीच्या तळाला ओल पुरवत होता. पट्ट्यांखालची जाड फेल्टची अस्तरेही ओली, कुजलेली. तळ पापडासारखा झाला होता. मेस्त्रींनी अंगठ्याने दाबला, तो आत गेला. मग मापकाच्या भोकातून पाहायला सांगून त्यांनी टाकी उन्हाकडे धरली. नातवाने मोजायला सुरुवात केली आणि अकरावर सोडून दिले. यांपैकी एकच पाझरत होते. बाकीची गंजाच्या पापुद्र्याने आणि गाळाने तात्पुरती धरून ठेवली होती. आंबा घाटातल्या खडकाळ वाटेवर ती किती वेळ धरली असती, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. अण्णा मात्र उठून हौदाकडे गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

आतून लेप देऊन टाकी वाचवता येईल का, असे त्यांनी एकदा विचारले. लेपाला धरायला पत्रा तरी हवा, असे मेस्त्री म्हणाले. त्यावर अण्णांच्या थोरल्या चिरंजीवांनी गाडीच मोडीत काढण्याचा विषय काढला. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, त्याचा खर्च, आता ही टाकी. हिशेब त्यांच्या बाजूने होता. अण्णांनी वाद घातला नाही. "टाकी नवी बसेपर्यंत गाडी हलणार नाही," एवढेच ते म्हणाले, आणि किल्ली सूनबाईंच्या हातात दिली.

नवी टाकी यायला तीन आठवडे लागले. तोवर खळगा खरवडून, रंगवून झाला. छिद्र मोकळे झाले. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि क्लिपा आल्या. जुनी टाकी मेस्त्रींनी भंगारवाल्याला दिली नाही, कारण तो ती गॅसने कापेल. पाण्याने काठोकाठ भरायचीही सोय नव्हती, ती गळतच होती. शेवटी पहार घेऊन उघड्या रानात, भिजवलेल्या गोणपाटाखाली, हाताने ठोकून त्यांनी ती चपटी केली आणि उरलेला पत्रा महिनाभर उन्हात पडू दिला. आता पावसाळ्याआधी बैठक उचलून खळग्यात हात फिरवायचा, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरूनच, असे नातवाने छपराच्या खांबावर खडूने लिहून ठेवले आहे. पहिल्या वळवाने त्यातली अर्धी अक्षरे पुसली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णा जीप घेऊन मळ्यात जाऊन आले. संध्याकाळी सूनबाईंनी त्यांची विजार बादलीत टाकण्यापूर्वी नाकाशी धरली, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली, आणि काही न बोलता साबणाच्या पाण्यात बुडवली.