कारणाचा रकाना

माळव्यात होळीपेक्षा रंगपंचमीचा थाट मोठा. धारच्या आमच्या जुन्या वाड्यात त्या दिवशी पहाटेपासून पाट्या-वरवंट्याचा आवाज घुमू लागे. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, गुलाबपाकळ्या आणि या सर्वांच्या आडोशाने येणारी ती हिरवी गोळी! अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून आलेल्या घराण्यांनी देशावरची पुरणपोळी जशी इकडे आणली, तशीच इकडची ठंडाई आपलीशी केली. एरवी सोवळ्याओवळ्याचा कडक विचार करणाऱ्या आमच्या आजींनाही त्या पेल्यात काही वावगे दिसत नसे. भांग म्हणजे प्रसाद आणि गांजा म्हणजे सर्वनाश, अशी आमची सोपी वाटणी होती. दोन्ही एकाच झाडाची, हे ठाऊक असूनही होती.

या वाटणीला पुढे कायद्याचेही पाठबळ मिळाले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने झाडाचे फुललेले शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, ही दोन्ही गुन्ह्यात धरली. नुसती पाने वगळली. म्हणून उज्जैनसारख्या क्षेत्री परवान्याचे भांगेचे दुकान राजरोस चालते आणि तेथूनच चार पावलांवर चिलीम ओढणारा अपराधी ठरतो. ही रेघ कायद्याच्या पुस्तकात ठीक आहे. शरीर मात्र ती मानीत नाही. आम्हांला हे फार उशिरा आणि फार महागात कळले.

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू आमच्याच वाड्यात वाढला. त्याचे आजोबा त्याच्या जन्मापूर्वीच गेले होते. तरुणपणीच त्यांचे मन बिघडले. कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे त्यांना वाटे. भिंतीपलीकडचे आवाज ऐकू येत. घराण्यात मनाचा आजार आहे हे बाहेर सांगणे त्या काळी कोणत्या घराला परवडणार होते? मुलींची लग्ने व्हायची होती. तेव्हा ‘शिवरात्रीला भांग बाधली’ असे आम्ही सांगितले आणि लोकांनी ते मानले. वस्तुतः बंधूंनी भांगेला क्वचितच ओठ लावला होता. पुढे पुढे ही कथा आम्हांलाच खरी वाटू लागली आणि नातू सोळा वर्षांचा झाल्यावर तीच आम्ही त्याला उपदेश म्हणून ऐकवली, “बाळ, या झाडाच्या वाटेला जाऊ नकोस. तुझे आजोबा त्यानेच गेले. एक झुरका, की माणूस वेडा!”

मुलगा शिक्षणासाठी पुण्यास गेला. तेथे त्याने झुरके घेणारे सोबती पाहिले. ते वेडे झाले नाहीत. उलट परीक्षा देऊन चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. आबांनी सांगितले ते खोटे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो निष्कर्ष तर्काला धरूनच होता. पहिल्या वर्षी गंमत, दुसऱ्या वर्षी रोजचा परिपाठ. मग त्याची झोप उडाली, सोबती आपल्याविषयी कुजबुजतात असे त्याला वाटू लागले. चार महिने तो हे सोसत राहिला. आम्हांला त्याने चकार शब्द सांगितला नाही. ज्या माणसाने एकदा खोटी भीती घातली, त्याच्याकडे खरी भीती घेऊन कोण जाईल?

अखेर डॉक्टरांपुढे बसलो तेव्हा त्यांनी विचारलेला एक प्रश्न अजून कानात आहे, “घराण्यात पूर्वी कोणाला मनाचा आजार होता का?” त्या खोलीत आम्ही तिघे होतो आणि उत्तर एकट्या आम्हांला ठाऊक होते. ते देण्यास आम्हांला बराच वेळ लागला. ज्याच्या रक्ताच्या नात्यात असा आजार आहे, त्याला या झाडापासून इतरांहून अधिक धोका असतो; वय जितके कोवळे, मात्रा जितकी तीव्र आणि सेवन जितके नित्याचे, तितका तो वाढतो, हे त्या दिवशी आम्ही प्रथम ऐकले. म्हणजे त्या मुलाला सांगण्याजोगी एकच खरी गोष्ट आमच्यापाशी होती आणि नेमकी तीच आम्ही खोट्या गोष्टीखाली पुरून ठेवली होती.

उपचारांनी तो सावरला. त्यानंतरच्या हिवाळ्यात शेजारच्या जैन कुटुंबाबरोबर आम्ही राजगडजवळच्या मोहनखेड्यास गेलो होतो. तीर्थाच्या आवारात दुपारची शांतता होती. भोजनशाळेतून जेवून आम्ही दोघे सावलीत बसलो होतो. तो आपण होऊन म्हणाला, “आबा, तुम्ही मला भीती सांगितलीत, माहिती सांगितली नाहीत.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. त्या जागी खोटे उत्तर सुचले नाही. आम्ही त्याला त्याच्या आजोबांची सारी हकिगत आरंभापासून सांगितली. ऊन उतरेपर्यंत तो ऐकत होता.

पुढे या विषयाचे वाचन करू लागलो तेव्हा आढळले, की आमच्या घराने केले तेच एका साम्राज्याच्या दप्तराने केले होते. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांज्याने भरली आहेत, अशी ओरड विलायतेत झाली, म्हणून १८९३ साली सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या. आमच्या शेजारच्या निमाडात, खांडव्याकडे, तेव्हा गांज्याची सरकारमान्य शेती होती. तीही चौकशीत आली. इस्पितळांच्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा मौज उघड झाली. रोग्याबरोबर येणाऱ्या पोलिसी कागदात ‘कारण’ असा एक रकाना असे. तो कोरा ठेवणे बरे दिसत नसे. रोगी कधीकाळी चिलीम ओढत होता एवढे कळले, की लिहिणारा तेथे ‘गांजा’ लिहून मोकळा होई. नव्याने चौकशी केल्यावर अशा कितीतरी नोंदी टिकल्या नाहीत. आम्ही त्या लिहिणाऱ्याला हसू शकलो नाही. आमच्या बंधूंचा रकाना आम्हीच भरला होता.

मात्र त्या आयोगाने या झाडाला निर्दोष ठरवले, असे जे आज उत्साहाने सांगितले जाते, तेही अर्धेच. माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिरेकाने होते आणि दुबळ्या मनाच्या माणसाला ती अधिक होते, असा १८९४ च्या अहवालाचा आशय आहे. सरसकट बंदीऐवजी नियंत्रण व कर हा मार्ग त्याने सुचवला.

आज तोच वाद नव्याने पेटला आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा प्रौढांसाठी कायदेशीर केला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने सर्वांत कडक यादीतून तो २७ विरुद्ध २५ मतांनी काढला आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. आपल्याकडेही कायदा सैल करावा की नाही, यावर सभा गाजतात. एक पक्ष म्हणतो, ही शंकराची बुटी, निसर्गाची देणगी, हिने काय व्हायचे? दुसरा म्हणतो, एक झुरका, की सर्वनाश. दोघेही आमच्यासारखेच रकाने भरीत आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भांग, गांजा वा चरस वर्षभरात घेणारे भारतीय सुमारे ३ कोटी १० लाख होते. त्यांतील बहुसंख्य भांग घेणारे. या सेवनापायी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. पहिला आकडा दुसऱ्या पक्षाला खोटे पाडतो आणि दुसरा आकडा पहिल्याला.

व्यसनाविषयीचा आमच्या घराण्यांचा धडा म्हणजे गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’. १९१९ साली तो रंगभूमीवर आला आणि मराठी माणूस जेथे जेथे गेला तेथे तेथे पोहोचला. गडकऱ्यांनी सुधाकराच्या हाती पेला देण्यापूर्वी त्याचा अपमान दाखवला, गमावलेली सनद दाखवली, तळीरामाची गोड समजूत दाखवली. आम्ही मात्र शेवटचा अंक तेवढा लक्षात ठेवला आणि मुलांना तोच दाखवत राहिलो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हा व्यसनी माणूस हा पापी नसून आजारी आहे, ही दृष्टी त्यांनी रुजवली. आजाऱ्याला मनुष्य प्रश्न विचारतो. पाप्याला फक्त उपदेश करतो.

कायद्याचे काय व्हावे, याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण कायदा बदलो वा न बदलो, मुलांना सांगायचे ते बदलले पाहिजे. ते असे, की मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून जितके उशिरा तितके बरे, मुळीच नको तर सर्वांत बरे. प्यालेली भांग चढायला तास-दोन तास घेते. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारेच रात्री इस्पितळात पोहोचतात. ती घेऊन गाडी चालवू नये, दारूत मिसळू नये, गरोदर बाईने घेऊ नये. आणि ज्यांच्या घरी मनाचा आजार झाला आहे त्यांनी प्रसाद म्हणूनही घेऊ नये. शेवटचे हे, की काही बिघडले तर प्रथम आमच्याकडे ये. आधी ऐकू, मग बोलू. घरी बोलणे अवघडच झाले, तर १४४४६ हा सरकारी मदतीचा विनामूल्य दूरध्वनी आहे.

यातील एकही वाक्य घोषणा म्हणून भिंतीवर रंगवता येणार नाही. पण यातील कोणतेही वाक्य मुलगा पुण्यास गेल्यावर खोटे ठरणार नाही.

धाकट्या बंधूंची तसबीर इतकी वर्षे माळ्यावरच्या पेटीत होती. ती आता ओसरीवर लावली आहे. गेल्या रंगपंचमीला पाहुण्यांची तरुण मुले जमली, पेले फिरू लागले. कोणीतरी नातवापुढेही एक धरला. त्याने तो हसून परत केला आणि तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाला, “हे माझे आजोबा. यांना मनाचा आजार होता, म्हणून मी घेत नाही. तुम्ही घेणार असाल तर अर्धाच घ्या आणि थांबा.”

आम्ही शेजारीच बसलो होतो. त्याच्या बोलण्यात आम्हांला भर घालण्यासारखे काही उरले नव्हते.