रबरी राक्षसांच्या सहवासात

माणसाच्या काही आवडी दिवाणखान्यात मांडायच्या असतात आणि काही माजघरात झाकून ठेवायच्या. ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत आणि गेला बाजार क्रिकेट या माझ्या दिवाणखान्यातल्या आवडी. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला त्या शोभूनही दिसतात. पण रात्रीची जेवणे आटोपली, पेपरांचे गठ्ठे बाजूला सारले, की मी जे पाहत बसतो ते आमच्या विभागप्रमुखांना सांगायची माझी छाती नाही. मी जपानी राक्षस पाहतो. तेही रबराचे!

या प्रकाराला जपानात ‘तोकुसात्सु’ म्हणतात. ‘विशेष चित्रीकरण’ असा काहीसा त्याचा अर्थ. त्याचे आद्य आचार्य एइजी त्सुबुराया. ज्याला आपण गॉडझिला म्हणतो तो ‘गोजिरा’ १९५४ साली पडद्यावर उभा राहिला, तो त्यांच्याच करामतीने. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बिकिनी बेटांवरच्या हायड्रोजन बाँबची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. त्या धास्तीनेच गोजिराला जन्म दिला. पुढे १९६६च्या जुलैत त्सुबुरायांच्या संस्थेची ‘अल्ट्रामॅन’ ही मालिका सुरू झाली आणि दर आठवड्याला घरोघरी राक्षस येऊ लागले.

त्यांना लोळवणारा अल्ट्रामॅन मोठा देखणा गडी. अंग चंदेरी, त्यावर तांबडे पट्टे. पण पृथ्वीवर त्याची शक्ती तीनच मिनिटे टिकते. वेळ संपत आली, की त्याच्या छातीवरचा निळा दिवा तांबडा होऊन लुकलुकू लागतो. असा एखादा दिवा आपल्या साहित्य संमेलनांतल्या वक्त्यांच्या छातीवर बसवता आला तर काय बहार होईल, असे माझ्या मनात नेहमी येते.

ही खोड मला लहानपणीच जडली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर ‘जॉनी सोको’ नावाची मालिका इंग्रजीतून लागत असे. मूळची ती १९६७-६८ मधली जपानी मालिका. एक मुलगा मनगटावरच्या घड्याळात आज्ञा सोडतो आणि प्रचंड यंत्रमानव उडत येतो! इंग्रजी आम्हांला यथातथाच कळे, पण ‘उठ आणि लढ’ हे कोणत्या भाषेत कळत नाही? शेवटच्या भागात तो यंत्रमानव शत्रूला कवटाळून आकाशात झेपावतो. ‘परत ये’ म्हणून मुलगा टाहो फोडतो. आयुष्यभर आज्ञा पाळणारा तो लोखंडी प्राणी ती एकच आज्ञा मोडतो आणि उल्केवर आदळून संपतो. एका लोखंडी डब्यासाठी मी त्या दिवशी जेवलो नव्हतो.

आता माझ्या शेजारी माझी बारा वर्षांची मुलगी बसते. तिची दृष्टी तीक्ष्ण.

“बाबा, त्याच्या पाठीला चेन दिसतेय!”

दिसणारच. आत माणूस आहे. शहर प्लास्टरचे आणि पुठ्ठ्याचे आहे. कॅमेरा अधिक वेगाने फिरवायचा आणि ते चित्र नेहमीच्या वेगाने दाखवायचे. म्हणजे हालचाल संथ होते आणि सहा फुटी माणसाला डोंगराचे वजन येते. एवढीच जादू! मी तिला म्हटले, “अगं, दशावतारात राजा बाकड्यावर बसतो तेव्हा आपण त्याला सिंहासन मानतोच ना? थोडं आपणही मानायचं असतं.” तिला हे पटल्याचे दिसले नाही.

मग एके रात्री ‘अल्ट्रामॅन’चा तेविसावा भाग लागला. अकिओ जिस्सोजी यांनी दिग्दर्शित केलेला. त्यातला राक्षस जामिला हा मुळात अंतराळवीर. पाणी नसलेल्या ग्रहावर तो अडकतो आणि त्याला पाठवणारे त्याला तिथेच सोडून देतात; वर सारे प्रकरण दडपतात. तहानेने त्याचा राक्षस होतो आणि सूड घ्यायला तो घरी परततो. वरून हुकूम येतो : तो कोण होता हे जगाला कळू न देता त्याला संपवा. अल्ट्रामॅन त्याला कशाने मारतो? पाण्याने! ज्याच्यासाठी तो तडफडला, त्याच पाण्याच्या धारेखाली तो चिखलात लोळतो आणि तान्ह्या मुलासारखा रडतो. मागाहून त्याच्या नावाची, गौरवाच्या शब्दांची पाटी बसवली जाते.

चेन त्याही पोशाखाला असेलच. पण ती शोधायचे भान मुलीला राहिले नव्हते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “त्याला घरीच यायचं होतं ना?”

मी वर्गात वर्षानुवर्षे करुणरस शिकवतो. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव फळ्यावर लिहितो आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. त्या रात्री एका रबरी राक्षसाने फळ्याशिवायच काम केले. शोक खरा असला, की पोशाखाचा खोटेपणा आड येत नाही.

हल्ली नवा राक्षस पडद्यावर आला, की ती आधी विचारते, “बाबा, याचं काय झालं होतं?” पुष्कळदा काहीच झालेले नसते, तो नुसताच राक्षस असतो. तरी तिने विचारावे, एवढे मात्र मला वाटते.