थंड व्हॉल्व्ह बोलत नाही

आमच्या गावच्या देवळाच्या सॅक्रिस्टीत, वस्त्रांच्या लाकडी कपाटाशेजारी, राखाडी रंगाचा एक लोखंडी अ‍ॅम्प्लिफायर असे. मी वेदीसेवक होतो तेव्हाची, म्हणजे १९७९-८० च्या सुमाराची ही आठवण आहे. देवळातील विजेची कामे पाहणारे एक काका मिस्साबलिदानाच्या दहा मिनिटे आधी येत, त्याचे बटण दाबत आणि स्वस्थ उभे राहत. जाळीतून आत डोकावले की काचेच्या चार मोठ्या नळ्यांत निखाऱ्यासारखा उजेड हळूहळू उमलताना दिसे. तापलेल्या धुळीचा वास सुटे. मी उतावीळपणे मायक्रोफोनवर टिचकी मारू लागलो की काका म्हणत, ''थांब बाळा, त्याला तापू दे. थंड व्हॉल्व्ह बोलत नाही.''

तो का बोलत नाही, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात नलिका. विजेच्या दिव्याचीच ती धाकटी बहीण. दिव्यातील तापलेल्या तारेकडून जवळच्या धातूच्या पट्टीकडे, मध्ये कोणताही जोड नसताना, वीज वाहते हे एडिसन यांना १८८० च्या दशकातच आढळले होते. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी त्याचा उपयोग करून घेतला. वीज एकाच दिशेने जाऊ देणारी ही नळी झडपेसारखी, म्हणून तिला व्हॉल्व्ह हे नाव मिळाले. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरा घटक घातला आणि त्यातूनच तारेची जाळी असलेली नळी आकाराला आली. ध्वनिवर्धनाचे सारे रहस्य त्या जाळीत आहे. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात व धनाग्राकडे धावतात. वाटेतल्या जाळीवर आवाजाचा क्षीण विद्युतदाब दिला की तो जोरकस प्रवाह त्याच लयीत कमीअधिक होतो. म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज स्वतः मोठा होत नाही. दुसरीकडून आलेल्या शक्तीला तो केवळ वळण लावतो. आम्हा प्रवचनकारांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांनी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून जगाला संबोधिले, तेव्हा त्यांचा शब्दही अशाच नळ्यांतून गेला होता.

आमच्या नळ्यांवर 'मुलार्ड' हे नाव होते. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावी मुलार्डचा मोठा कारखाना होता. निकेलच्या बारीक नळीवर बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या क्षारांचा पांढरा लेप द्यायचा, तिच्या पोटात टंगस्टनची तापणारी तार सरकवायची, भोवती बारीक तारेच्या जाळ्या आणि सर्वांत बाहेर धनाग्राचे पत्र्याचे आवरण बसवायचे. हा सारा संसार अभ्रकाच्या दोन चकत्यांमध्ये अचूक जुळवावा लागे. शिवणकामाला लागते तशी नजर व तसा हात त्याला हवा, आणि तो बहुधा स्त्रियांचा असे. मग काच ज्योतीवर वितळवून बंद करायची व पंपाने हवा उपसायची. उपसता उपसता आतील धातू लाल होईतो तापवायचा, कारण धातूच्या अंगातही वायू दडून असतो. एवढे करूनही थोडा उरतोच. त्यासाठी आत थोडे बेरियम ठेवलेले असते. ते तापवले की त्याची वाफ होऊन काचेवर चंदेरी आरसा चढतो व उरलासुरला वायू पुढे आयुष्यभर टिपत राहतो. काचेला केसाएवढा तडा जाऊन हवा शिरली, तर तो आरसा पांढराफटक पडतो. नळी संपली, असे समजावे.

आपल्या देशातही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. परंतु १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला होता. त्याला तापावे लागत नव्हते, काच नव्हती, वीज थोडी पुरत होती. व्हॉल्व्हचे दिवस भरत आले होते.

१९९० साली मी सेमिनरीतून सुट्टीवर आलो होतो. चार पुस्तके वाचल्याचा ताठा अंगात होता. धर्मग्रामाच्या सभेत मी उभा राहून म्हणालो, ''हे जुनाट खोके आता मोडीत काढा. नवा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आणा.'' माझे म्हणणे खोटे नव्हते. मापे घेतली तर चांगल्या ट्रान्झिस्टर यंत्राचा आवाज बहुधा अधिक शुद्धच भरतो. ठराव संमत झाला. काका शेवटच्या बाकावर होते. ते काहीच बोलले नाहीत. ते खोके मी घरी नेऊ का, एवढेच त्यांनी सभा संपल्यावर फादरांना विचारले.

गेल्या पावसाळ्यात काका देवाघरी गेले. दफनविधी मीच केला. आठवड्याने त्यांच्या मुलीने जुन्या चादरीत गुंडाळलेला तो अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आणून दिला. सोबत एक वही होती. कोणती नळी केव्हा बसवली, केव्हा काढली, सर्व तारीखवार लिहिलेले. शेवटची नोंद १९९० ची: ''आज बंद केला. चालू स्थितीत.''

त्या दोन शब्दांत तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते सोसवेनात. चौतीस-पस्तीस वर्षांत मी त्यांना कितीदा तरी भेटलो, त्यांच्या घरी जेवलो. पण त्या सभेचा विषय एकदाही काढला नाही. मी यंत्राविषयी बोललो होतो, आणि ते एका माणसाच्या जिव्हाळ्याविषयी होते, हे मला कळायला त्यांची वही हातात यावी लागली.

एका वयस्क रेडिओ-कारागिराने सुकलेले कपॅसिटर बदलले. एका नळीचा आरसा पांढरा पडला होता. तिच्या जागी स्लोव्हाकियात आजही बनणारी नवी नळी मिळाली. संगीतप्रेमी व गिटारवादक अजून व्हॉल्व्ह मागतात. ताण वाढला तरी त्याचा आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दबतो. ते त्यांना गोड वाटते.

परवा संध्याकाळी मी एकट्याने बटण दाबले. घाई केली नाही. उजेड उमलेपर्यंत उभा राहिलो. धुळीचा तोच वास आला. मग मायक्रोफोन हाती घेतला. पण ज्यांच्याशी बोलायचे होते ते ऐकायला नव्हते. म्हणून वही उघडली आणि त्यांच्या नोंदीखाली तारीख घालून लिहिले: ''आज चालू केला. काका, चूक माझी होती.''