डावीकडच्या सीटवरचं जनमत

पुणेकर आणि मुंबईकर यांचं एकमत व्हावं असे विषय थोडेच. एक्सप्रेस-वेवरची वेगमर्यादा हा त्यातला एक. ‘मग एवढा रस्ता बांधला कशाला?’ हा प्रश्न दोन्ही टोकांना सारख्याच तावातावाने विचारला जातो. मर्यादा ८० होती तेव्हाही विचारला जायचा. आता सपाटीवर मोटारींना १०० आणि घाटात ६० आहे, तरी विचारला जातो. समृद्धी महामार्गावर १२० चालतात मग इथे का नाही, ही त्यात पडलेली नवी भर.

तक्रार अगदीच पोकळ नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर उगाच कमी मर्यादा लावली की लोक पाटीकडे बघेनासे होतात. म्हणून रस्ते-अभियंत्यांचा एक जुना हिशेब आहे : रहदारी नसताना शंभरातले ८५ जण ज्या वेगाच्या आत राहतात, त्याच्या आसपास मर्यादा ठेवावी. म्हणजे ॲक्सिलरेटरवरच्या पायाने केलेलं मतदानच. फक्त त्यात मत एकट्या चालवणाऱ्याचं.

गाडीत इतरही माणसं असतात. शेजारच्या सीटवरच्या बाईंचा उजवा पाय मॅटवर नसलेला ब्रेक दाबत असतो आणि हात दाराच्या वरचं हँडल सोडत नाही. जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारी ८० ओलांडले की थांबून थांबून आणि १२० ओलांडले की सतत बीप देतात. चालवणारा वैतागतो, ‘ही पिरपिर बंद करता येत नाही का?’ मागून आजी म्हणतात, ‘अरे, गाडी काय म्हणतेय ते बघ जरा.’ आणि हेच गृहस्थ मुलाच्या हाती स्टेअरिंग देऊन डावीकडे बसले की लोणावळा येईस्तोवर ‘हळू घे रे’चा जप चालू. एकाच माणसाची एकाच दिवसातली ही दोन मतं. त्यातलं कोणतं धरायचं?

हिशेबही करून बघावा. घाट सोडला तर एक्सप्रेस-वेचे साधारण ८० किलोमीटर उरतात. ते १०० ऐवजी १२०ने काटले तर वाचतात आठ मिनिटं. तेवढी फूड मॉलवर वडापावच्या रांगेत सहज जातात. उलट धडकेतली ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत चढते. पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात १२०ची गाडी ३३ मीटर गेलेली असते.

केंद्राने २०१८मध्ये द्रुतगती मार्गांवर मोटारींना १२०ची मुभा दिली, मद्रास उच्च न्यायालयाने २०२१मध्ये ती अधिसूचना रद्द केली. आपल्याकडे मात्र चर्चा कॅमेऱ्यांचीच. २०२४पासून ते एक्सप्रेस-वेवर चलन फाडू लागले आणि ‘सरकारला वसुलीच हवी’ हे नवं एकमत झालं. उजवी लेन अडवून रांगणाऱ्या ट्रकांवर तितक्याच तत्परतेने चलन फाटावं, ही मागणी मात्र रास्त आहे. मीही ती करतो.

पण मर्यादा वाढवायला माझा पाठिंबा नाही. १०० पुरेत. ज्यांना कमी वाटतात त्यांनी पुढच्या खेपेला गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, डावीकडे बसावं आणि खोपोलीपर्यंत गेल्यावर आपलं मत पुन्हा सांगावं.