नाशिक फाट्याच्या पुढे

पुण्याच्या पेठेत राहणाऱ्या माणसाने प्रवासवर्णन लिहायचे, तर त्याने निदान बद्रीकेदार तरी करून यावे, असा आपल्याकडे एक समज आहे. मी यंदा चाकणला जाऊन आलो. घरापासून अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. पण ते कापायला मला एक्कावन्न वर्षे लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

झाले असे, की नवरात्राच्या आधी बार्शीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची नात आय. टी. आय. करून वर्षभरापूर्वी चाकणच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली आहे. गिअरबॉक्स जुळवते. इथवर सगळे ठीक होते. पण आता तिला पाळ्या लागल्या, त्यात रात्रपाळीही आली आणि तिच्या बापाचे धाबे दणाणले. दिवाळीला घरी आली की परत पाठवायची नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. बहीण म्हणाली, "दादा, तू पाहून ये. तुझी सगळी नोकरी तिकडेच गेली. तू सांगशील ते तो ऐकेल."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्या मंडळींना आत येऊ देतात, असे नातीने कळवले. पंचाचा अधिकार घेऊन मी निघालो.

शिवाजीनगरला मेट्रोत बसलो. माझ्या नोकरीच्या दिवसांत हा रस्ता म्हणजे लोकलची गर्दी, नाहीतर दापोडीपासून सायकल. आता गार डब्यात बसून दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी अशी गावे पायांखालून जाताना दिसतात. नाशिक फाट्याला उतरायचे होते, पण मुद्दामच पुढे पिंपरीपर्यंत गेलो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पडली ती इथे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा केला आणि १९५५ साली देशी पेनिसिलीन काढले, तेही इथेच. पुढे आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी आल्या, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६६ मध्ये टेल्को आली. सुमंत मुळगावकरांनी त्या उजाड माळावर कारखान्याबरोबर हजारो झाडे लावली आणि तळे केले. कामगाराच्या डोळ्यांना हिरवे काही दिसले पाहिजे, हा विचार त्या काळी नवाच होता. मोरया गोसावींच्या समाधीचे आणि चापेकर बंधूंचे चिंचवड पाहता पाहता भोंग्यावर उठू-बसू लागले.

मी १९७२ साली भोसरीच्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागलो. नोकरभरतीच्या जाहिराती टंकणे हे माझ्या टेबलाचे काम. जाहिरातीच्या तळाशी एक ओळ ठरलेली असे: 'स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत.' साहेबांनी सांगावे लागत नसे. बोटे आपोआप टंकत. का, असे मी एकदा फोरमनला विचारले. तो म्हणाला, "अहो, बायकांसाठी संडासच नाही." आणि संडास का नाही? तर बायकाच नाहीत म्हणून! या चक्रातून बाहेर कसे पडायचे, हे त्याला पडलेले कोडे नव्हते आणि मलाही नव्हते. शिवाय १९४८ च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना कामावर ठेवायला मनाई होती. कायदा बाईच्या रक्षणासाठी केलेला. पण तीन पाळ्यांच्या कारखान्यात त्याचा अर्थ दारावरच्या कुलपासारखा होई.

१९७४ साली असलीच एक ओळ टेल्कोच्या जाहिरातीत बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या एका विद्यार्थिनीने वाचली. तिला राग आला आणि तिने सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. त्या कार्डाला उत्तर म्हणून मुलाखतीची तार आली, मुलाखत पिंपरीला झाली आणि सुधा कुलकर्णी टेल्कोच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. सुधा मूर्ती म्हणून आज त्यांना सारा देश ओळखतो. हकीकत पुष्कळांना पाठ आहे. मला ती आठवली की घास अडकतो. का, ते पुढे सांगतो.

मागे येऊन नाशिक फाट्यावर चाकणची बस धरली. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. मध्ये ट्रेलर, कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांची दिंडी. चिंबळी, कुरुळी करीत चाकणच्या चौकात शिरायला पाऊण तास लागला. १६६० साली शायिस्तेखानाला फिरंगोजी नरसाळ्याने संग्रामदुर्गावर छप्पन दिवस रोखून धरले होते. हल्ली ते काम वाहतूक करते. कांद्या-बटाट्याचा बाजार अजून आहे. पण ज्या रानांत ते पिकत, तिथे आता पत्र्याच्या निळ्या-पांढऱ्या भिंती आहेत. बजाज १९९९ मध्ये आले, मग जर्मन, कोरियन, जपानी. शेतकऱ्याने जमीन विकून खोल्या बांधल्या आणि खोल्यांत देश येऊन राहिला.

नात खराबवाडीला अशाच एका खोलीत राहते. चार मुली. एक नंदुरबारची पावरा, एक गोंदियाची, एक ओडिशाची आणि ही बार्शीची. स्वयंपाकाची पाळी आहे. ओडिशाची मुलगी रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी खाते, त्याला आधी सगळ्या हसल्या आणि उन्हाळा लागल्यावर सगळ्याच खाऊ लागल्या. भाषेचे काय, असे मी विचारले. नात म्हणाली, "आजोबा, भांडण हिंदीत, बाकी सगळं मराठीत."

कारखान्याचे नाव लिहीत नाही. मी तिथे पाहुणा होतो. दारात टोपी आणि चष्मा मिळाला. आत झेंडूची तोरणे, यंत्रांना हळदकुंकू, पान्यांवर फुले. नातीची लाईन वीस-बावीस मुलींची. थांबलेल्या लाईनीसमोर उभी राहून तिने मला सारे समजावले. गिअरबॉक्सचा सांगाडा वीसेक किलोचा. पण तो उचलायचा नाही, वरच्या साखळीच्या हातात द्यायचा आणि बटण दाबायचे. बोल्ट किती आवळायचा ते पानाच मोजतो आणि पुरेसा आवळला की हिरवा दिवा लागतो. टेबलाची उंची ज्याच्या त्याच्या कंबरेप्रमाणे खाली-वर होते.

तिचे सुपरवायझर पन्नाशीचे, जुन्या वळणाचे गृहस्थ. ते म्हणाले, "खरं सांगू का? मुली यायच्या म्हणून हे बदललं तेव्हा आम्ही कुरकुरलो. महिन्याभरात पलीकडच्या लाईनीवरची पोरं आली, म्हणाली आम्हालाही साखळी द्या, आम्हालाही टेबल द्या. वीस वर्षं वजन उचलून पाठी गेल्या होत्या त्यांच्या. कोणी बोललं नव्हतं. पुरुषानं पाठ दुखते म्हणायचं कसं?"

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आहे. माझ्या कारखान्यात पट्टा बांधून कामाला येणारे किती चेहरे डोळ्यांपुढून गेले! त्यांचेही कोणी काही मागितले नव्हते.

पुढच्या टेबलाशी एक बहिरा तरुण होता. गाडी मागे येताना इतरांसाठी भोंगा वाजतो, याच्यासाठी खांबावर दिवा फिरतो. नात त्याच्याशी बोटांनी काहीतरी बोलली, तो हसला. "काय म्हणालीस?" "म्हटलं, हे माझे आजोबा, तपासणीला आलेत."

एके काळी ज्या पट्ट्यात बाईला दार बंद होते, तिथे हॅरिअर आणि सफारी मोटारींची एक जुळणी-लाईन टाटा मोटर्समध्ये दीड हजारांवर बायका चालवतात. चाकणच्या बजाजमध्ये डॉमिनार मोटारसायकली बायकांनी जुळवल्या. कर्व्यांनी १९०० साली ज्या हिंगण्यात विधवांसाठी आश्रम नेला, तिथे त्यांच्याच संस्थेने १९९१ मध्ये मुलींचे कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज काढले. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ साली तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून नेमले. ज्यांना पाहून आपण गाडीची काच वर करीत होतो, ती माणसे आता दारावर आपली चौकशी करतात!

पण पंचाने एकच बाजू सांगू नये. कारखान्यात बाई पूर्वीही होतीच. फक्त मोठ्या दारातून नव्हती. गल्लीतल्या शेडमध्ये, रोजावर, हजेरीपटाशिवाय होती. तळवड्याला डिसेंबर २०२३ मध्ये वाढदिवसाच्या केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या करणाऱ्या एका बेकायदा कारखान्याला आग लागली. त्यात गेलेल्या बहुतेक बायकाच होत्या. हे ठिकाण चाकणपासून फार दूर नाही. तिथे ना साखळी, ना हिरवा दिवा. मोठ्या कारखान्याच्या रंगवलेल्या भिंतीवर समानतेची पाटी वाचताना ही शेड विसरून चालणार नाही. आणि नात तरी कुठे कायम आहे? तिची शिकाऊ मुदत दोन वर्षांनी संपते. पुढे काय, हे मी सुपरवायझरना विचारले. ते म्हणाले, "ते वरचे ठरवतात," आणि झेंडूचा हार नीट करू लागले.

रात्रपाळीचे मी नातीलाच विचारले. २०१५ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून, सुरक्षिततेची आणि ने-आणीची व्यवस्था होत असेल तर बायकांना रात्रपाळीची वाट मोकळी केली. इथे बस खोलीच्या दारापर्यंत येते, बसमध्ये बाई-रक्षक असते, पाळीत एकटी मुलगी कधी नसते. तक्रारीची समिती आहे; तिच्यावरच्या बाईंचा फोन नंबर प्रसाधनगृहाच्या दारामागे लावला आहे. मी सांगितले, "बाळ, भीती वाटत असेल तर सांग. माझ्यावर ढकल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाटते ना. बसमधून उतरून जिना चढेपर्यंत वाटते. जिन्यात दिवा नाही. घरमालकाला तीनदा सांगितलं. पण आजोबा, दिवा नाही म्हणून मी नोकरी सोडायची का?"

मला एकदम ते संडासाचे कोडे आठवले.

घरमालक खालीच राहतो. मी जाऊन त्याच्याशी बोललो. वयाचा काही उपयोग असतो. तासाभरात त्याचा मुलगा शिडी घेऊन आला.

रात्री घरी आल्यावर बार्शीला फोन लावला. पाहिलेले सारे सांगितले. आणि मग जे एक्कावन्न वर्षे सांगितले नव्हते तेही. १९७४ साली माझी बहीण ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात पास झाली होती. आमच्या कारखान्यात नकाशे काढायची जागा होती. तळाची ओळ वाचूनही तिने अर्ज लिहिला आणि मोठ्या विश्वासाने माझ्या हाती दिला. तो मी साहेबांपुढे ठेवलाच नाही. लोक काय म्हणतील, हा माझा धाक; साहेबांचा नव्हे. महिन्याने तिला सांगितले, "नकार आला." पुढच्या वैशाखात तिचे लग्न झाले. नकार कदाचित आलाही असता. पण द्यायचा तो कारखान्याने द्यायचा होता, मी नव्हे. सुधा कुलकर्णींचे पोस्टकार्ड त्याच वर्षी मुंबईला पोचले. माझ्या बहिणीचा अर्ज टेबलाच्या खणापलीकडे गेला नाही.

फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. बार्शीच्या घरातले घड्याळ तेवढे वाजत होते. मग ती म्हणाली, "दादा, ते आता राहू दे. पोरीच्या बापाला काय सांगणार आहेस, ते सांग."

"जिन्यात दिवा लागला, असं सांगणार आहे," मी म्हणालो.

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितले ते एवढेच: मुलीला घरी बोलवायचे असेल तर तिला विचारून बोलव, आणि एकदा स्वतः येऊन लाईन बघून जा. तो अजून पुरता राजी नाही. दिवाळीला नात बार्शीला येते आहे. भाऊबीजेनंतर परतीचे तिकीट मात्र तिने स्वतःच काढून ठेवले आहे.

या आठवड्यात तिची दुसरी पाळी आहे. बस साडेबाराला सोडते. मी जागा राहतो. दिवा लावून जिना चढली, की ती मला निरोप पाठवते: 'पोचले.' मग मी झोपतो.